क्योतोच्या जुन्या वस्त्या मार्गदर्शकासोबत पायी पाहाव्यात, की स्वतःच फिरावे?

क्योतोसाठी हातात दोनच दिवस आहेत, सोबत साठी ओलांडलेली आई आहे, आणि हिगाशियामा व गिओन या जुन्या भागांतल्या पायी फेरीसाठी मार्गदर्शकाला पैसे द्यावेत की मोबाइलवरचा नकाशा पुरेल, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पैसे जरूर द्यावेत, मात्र अर्ध्याच दिवसाचे द्यावेत, फेरी अगदी लहान गटाची घ्यावी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच रस्त्याने पुन्हा एकदा, कोणालाही सोबत न घेता चालून यावे. मी, यजमान आणि एकाहत्तर वर्षांचे सासरे असे आम्ही तिघे गेलो होतो, आणि त्याच रस्त्यांवर आम्ही एक वाईट फेरी घेतली व एक चांगली, म्हणून हे ठामपणे सांगते.

वाईट फेरीत पंचवीस माणसे होती. पुढे झेंडा, प्रत्येकाच्या कानात माहिती ऐकण्यासाठी इअरफोन, आणि तीन तासांत सात ठिकाणे. कियोमिझु मंदिराचा सज्जा तेरा मीटर उंच आहे आणि तो खिळ्यांशिवाय उभा आहे, एवढे ऐकून होईपर्यंत गट पुढे सरकलेला असे. सासरे कायम शेवटी राहत, आणि त्यांच्या कानात पुढच्या वळणावरची माहिती वाजत असे. यातले काहीही असे नव्हते जे आम्ही घरबसल्या वाचू शकलो नसतो.

दुसऱ्या फेरीत आम्ही तिघेच होतो आणि साठीच्या आसपासच्या एक जपानी बाई मार्गदर्शक होत्या. त्यांनी पहिली वीस मिनिटे एकाही प्रसिद्ध स्थळाकडे नेले नाही. एका साध्या लाकडी घरासमोर त्यांनी आम्हाला उभे केले आणि ते घर खालपासून वरपर्यंत वाचून दाखवले. अशा घराला माचिया म्हणतात. पुढे दुकान आणि मागे राहणे, अशी व्यापाऱ्या-कारागिरांची ही घरे. दर्शनी बाजू अरुंद आणि खोली पुष्कळ, म्हणून त्यांना गमतीने ‘उनागी नो नेदोको’, म्हणजे वाम माशाचे अंथरूण, असे नाव पडले आहे. दर्शनी रुंदीवर कर आकारला जाई म्हणून घरे अशी बांधली, ही कथा तुम्हाला प्रत्येक पुस्तिकेत भेटेल. बाईंनी तीही सांगितली, पण लगेच जोडले की रस्त्यालगतची जागा प्रत्येक दुकानदाराला हवी असते, तेव्हा ती चिंचोळ्या पट्ट्यांत वाटली जाणार हे उघडच आहे.

भिंतीच्या पायथ्याशी बांबूच्या कामट्यांचे कमानदार कुंपण टेकवलेले असते, ते इनुयाराई. कुत्र्यांनी भिंतीवर पाय वर करू नये, पावसाचा चिखल उडू नये आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने भिंतीला टेकून उभे राहू नये, अशी तिन्ही कामे ते करते. त्याच्या वर लाकडी गजांची जाळी. सूत विकणाऱ्याला धाग्याचा रंग उजेडात पारखावा लागे, म्हणून त्याच्या जाळीतले काही गज वरच्या बाजूने आखूड कापलेले असत. तांदूळ आणि साके (तांदळाची दारू) विकणाऱ्यांच्या जाळ्या जाडजूड असत, कारण तिथे पोती आणि पिंपे आदळत. म्हणजे पाटी न वाचताही रस्त्यावरून घराचा धंदा कळे. बुटक्या माडीला जाड गिलाव्याच्या उभ्या फटींची खिडकी असते, तिला कीटकांच्या पिंजऱ्यावरून मुशिको-मादो म्हणतात. आणि छपराच्या पुढच्या कडेवर, वर पाहिले नाही तर मुळीच दिसणार नाही असा, वीतभर उंचीचा एक दाढीवाला मातीचा पुतळा उभा असतो.

हा शोकी, भुताखेतांना पळवणारा. त्याची गोष्ट मला फार आवडली. क्योतोतल्या एका औषधविक्याने आपल्या छपरावर राक्षसाच्या तोंडाचे मोठे कौल बसवले, आणि समोरच्या घरातली बाई आजारी पडली. राक्षसाने हाकललेली पीडा सरळ तिच्या दारात येत होती. तिच्या घरच्यांनी राक्षसाला भारी पडणारा शोकी घडवून छपरावर ठेवला आणि ती बरी झाली. आता समोरासमोरच्या दोन घरांवर शोकी असतील तर एकमेकांवर रोखून शेजाऱ्यांत वैर नको म्हणून त्यांची तोंडे जराशी वळवून बसवतात, असे बाई म्हणाल्या. त्यानंतर सासऱ्यांनी उरलेली सकाळ शोकी मोजण्यात घालवली.

आता ‘ऐतिहासिक’ या शब्दाबद्दल. क्योतो इ. स. ७९४ मध्ये राजधानी झाली आणि हजाराहून अधिक वर्षे सम्राटांचे वास्तव्य तिथे राहिले, हे खरे. पण म्हणून तिथली घरे हजार वर्षांची नाहीत. १४६७ ते १४७७ या काळातल्या ओनिन युद्धात शहराची राखरांगोळी झाली, १७८८ मध्ये मोठी आग लागली, १८६४ मध्ये पुन्हा लागली. सान्नेनझाका आणि निनेनझाका या उतारांवरची घरे बहुतेक एकोणिसाव्या शतकातली आणि विसाव्याच्या सुरुवातीची आहेत. त्यांच्या मागे उभा असलेला यासाका पॅगोडा मात्र १४४० मध्ये पुन्हा बांधलेला आहे, आणि कियोमिझुचे आजचे मुख्य मंदिर १६३३ चे. या वस्त्या टिकल्या त्या आपोआप नव्हेत. १९७५ मध्ये कायद्यात बदल होऊन एकेकट्या इमारतीऐवजी अख्खी वस्ती जपण्याची सोय झाली, आणि पुढच्याच वर्षी हे उतार व गिओनमधला शिनबाशी हा भाग संरक्षित ठरले. २००७ पासून शहरभर इमारतींच्या उंचीवर अधिक कडक मर्यादा आली आणि छपरांवरच्या जाहिरातींवर बंदी आली.

दुसऱ्या महायुद्धात क्योतो कसे वाचले याची एक गोड गोष्ट तुम्हाला ऐकवली जाईल: अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन मधुचंद्राला इथे आले होते, म्हणून त्यांनी अणुबाँबच्या यादीतून या शहराचे नाव काढले. नाव त्यांनी काढले हे पक्के आहे. पण त्यांचे लग्न १८९३ सालचे आणि क्योतोची भेट १९२६ ची, तेव्हा मधुचंद्र फारच लांबला असे म्हणावे लागेल. शिवाय शहर पूर्णपणे वाचले असेही नाही. जानेवारी १९४५ मध्ये याच हिगाशियामा भागात उमामाची येथे बाँब पडले, आणि हवाई हल्ल्यांतली आग पसरू नये म्हणून सरकारनेच घरांच्या रांगा पाडून गोजोसारखे रस्ते रुंद केले. मार्गदर्शक ही दुसरी बाजू आपणहून सांगतो का, यावरून त्याची पारख होते.

मला स्वतःला सर्वांत हलवून गेली ती ‘गिओन’ या नावाची गोष्ट. आपण हे नाव गेइशांमुळे, म्हणजे नाच-गाण्याने पाहुण्यांचे मनोरंजन करणाऱ्या कलावंतिणींमुळे, ऐकलेले असते, पण गिओन हे ‘गिओन शोजा’ याचे संक्षिप्त रूप आहे आणि गिओन शोजा म्हणजे श्रावस्तीचे जेतवन. अनाथपिंडिकाने जमिनीवर सोन्याची नाणी अंथरून जेत राजकुमाराकडून विकत घेतलेले, भगवान बुद्धांनी अनेक वर्षावास जिथे केले ते जेतवन. त्या विहाराचा रक्षक मानला गेलेला गोझु तेन्नो, म्हणजे बैलाच्या मस्तकाचा देव, इथल्या देवळात पूजला जाई. रोगराई आणणारा आणि आवरणारा तोच, अशी श्रद्धा होती. ८६९ मध्ये साथ पसरली तेव्हा त्याला शांत करण्यासाठी जो विधी झाला, त्यातून दर जुलैत महिनाभर चालणारा गिओन उत्सव उभा राहिला. १८६८ मध्ये सरकारने बौद्ध धर्म आणि शिंतो हा जपानचा मूळ धर्म वेगळे केले, तेव्हा देवळाचे नाव बदलून यासाका झाले आणि देव सुसानोओ हा शिंतो देव ठरला, पण उत्सवाने आणि वस्तीने जुने नाव सोडले नाही. बाईंनी हे सांगितल्यावर सासऱ्यांनी त्यांना ‘जेतवन’ हा उच्चार शिकवला. तो त्यांनी वहीत लिहून घेतला.

गिओनमध्ये मात्र मार्गदर्शकाचा व्यावहारिक उपयोगही आहे. गेइको (क्योतोत गेइशांना असे म्हणतात) आणि शिकाऊ माइको यांच्यामागे कॅमेरे घेऊन धावणारे, त्यांच्या बाह्या ओढणारे पर्यटक इतके वाढले, की २०१९ मध्ये तिथल्या खासगी गल्ल्यांत छायाचित्रबंदीचे आणि दहा हजार येन दंडाचे फलक लागले, आणि २०२४ मध्ये काही खासगी बोळांत पर्यटकांना प्रवेशच बंद झाला. हानामिकोजी हा मुख्य रस्ता सार्वजनिक आहे, पण बाजूचा कोणता बोळ कोणाचा, हे नवख्याला कळत नाही. ‘माइको नक्की दाखवू’ असे आश्वासन देणारी फेरी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे; त्या कामावर निघालेल्या असतात. दिवसा किमोनोत दिसणाऱ्या बहुतेक मुली भाड्याचा पोशाख घातलेल्या पर्यटक असतात. खरी माइको संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास झपझप जाताना दिसली तर दिसते, आणि पाठीवर जवळजवळ घोट्यापर्यंत लोंबणाऱ्या कमरपट्ट्यावरून ओळखू येते.

मार्गदर्शक निवडताना एकच प्रश्न विचारा: इतक्या वेळात किती ठिकाणे? तीन तासांत तीन-चार असे उत्तर आले तर पुढे बोला. जपानमध्ये १९४९ च्या कायद्याने राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांनाच मोबदला घेऊन परदेशी भाषेत मार्गदर्शन करता येत असे. २०१८ पासून ती अट गेली, त्यामुळे आता परवानाधारक आणि बिनपरवाना असे दोन्ही भेटतात. परवाना आहे का, हे विचारून घ्यावे, पण त्यावरच अडून बसू नये. हौसेने फिरवणारे स्वयंसेवकही असतात. ते मोबदला घेत नाहीत, मात्र त्यांचा प्रवास, प्रवेशशुल्क आणि जेवण यांचा खर्च आपण करायचा असतो. एरवी जपानमध्ये बक्षिशीची पद्धत नाही. ‘मोफत’ म्हणून जाहिरात होणाऱ्या फेऱ्यांत शेवटी जे द्यायचे तेच मानधन असते, हे ध्यानात ठेवा.

आईंसाठी फेरीची दिशा महत्त्वाची. यासाकाकडून कियोमिझुकडे गेलात तर चढ लागतो. म्हणून टॅक्सीने आधी वर कियोमिझुजवळ जा आणि तिथून सान्नेनझाका, निनेनझाका, नेनेचा रस्ता, यासाका देऊळ, मग शिराकावा कालव्याकाठचे शिनबाशी असे खाली उतरत या. अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. सान्नेनझाकाला दगडी पायऱ्या आहेत आणि पावसात त्या निसरड्या होतात. इथे घसरून पडणारा तीन वर्षांत मरतो अशी समजूत आहे, ती आईंना खाली उतरल्यावर सांगा. शहर बस टाळा, गर्दीत उभे राहावे लागते. आपण शाकाहारी असाल तर एक सांगते: यूदोफू, म्हणजे कोम्बू या समुद्री शेवाळाच्या पाण्यात गरम केलेले तोफू, दिसायला निर्धोक असते, पण सोबतच्या रसात बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. आमच्या बाईंनी तो बदलून मीठ मागवले. भाषा न येता हे जमले नसते.

कियोमिझु पहाटे सहाला उघडते. दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. दुकाने बंद, जाळ्या लावलेल्या, शोकी जागच्या जागी. आदल्या दिवशी बाईंनी सांगितले होते की क्योतोत सकाळी आपल्या दारापुढचा रस्ता झाडताना शेजाऱ्याच्या हद्दीतला थोडासा भाग, हातभरापेक्षा कमी, झाडायचा असतो. अजिबात न झाडणे माणूसघाणेपणाचे, आणि जास्त झाडले तर त्याला उपकाराचे ओझे होते. निनेनझाकाच्या खाली एक आजी झाडत होत्या. दोन घरांच्या मधल्या खांबापाशी त्या आल्या, खराटा पलीकडे एकदा फिरवला, आणि वळल्या.