कायदा आणि क्रिमिनॉलॉजी एकत्र शिकायला सव्वा कोटी: आत्ता की नंतर?

कोथरूडच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ४९, चाकणला खासगी कंपनीत नोकरी, हातात महिन्याला १ लाख १५ हजार. पत्नी शाळेत शिक्षिका, त्यांचा पगार ३८ हजार. घराच्या कर्जाचा हप्ता ३१ हजार आणि तो अजून सहा वर्षं चालेल. म्युच्युअल फंडात २६ लाख, पीएफमध्ये ३२ लाख. दर महिन्याला साधारण ४५ हजार शिल्लक पडतात. मुलगी कला शाखेतून बारावी झाली, मुलगा आठवीत आहे. मुलीला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात कायदा आणि क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीशास्त्र) या तीन वर्षांच्या संयुक्त पदवीला प्रवेश देऊ केला आहे. इकडे तिने पाच वर्षांच्या एलएलबीची सीईटीही दिली आहे आणि गुण असे आहेत की पुण्यातलं चांगलं कॉलेज मिळेल. वाचकांचा हिशोब असा: फंडातले २६ लाख, सासवडजवळच्या वडिलोपार्जित जमिनीतल्या त्यांच्या वाट्याचे ४० लाख आणि २४ लाखांचं शैक्षणिक कर्ज, मिळून ९० लाखांत काम होईल. "तिकडे तीन वर्षांत पदवी, इथे पाच. शिवाय तिला दोन्ही विषय एकत्र फक्त तिकडेच मिळतात. जावं का?"

पत्रात तुम्ही आणखी एक गोष्ट लिहिली आहे, आणि ती मला पैशाच्या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला, अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतला. आधी अल्पवयीन आरोपीला निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, मग शहरभर संताप उसळला. त्या दिवसांपासून मुलगी बातम्यांची कात्रणं ठेवते आहे. वहीत तिने लिहिलेले प्रश्न तुम्ही पत्रात उतरवून पाठवलेत. जामीन देताना बाल न्याय मंडळाने काय पाहायला हवं? सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला कधी चालवता येतो? शिक्षा झाली तर तशाच दुसऱ्या मुलाच्या वागण्यात फरक पडतो का? गेलेल्यांच्या आईवडिलांना या सगळ्यात जागा कुठे आहे?

यातले पहिले दोन प्रश्न कायद्याचे आहेत. त्यांची उत्तरं बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये आणि न्यायालयांच्या निकालांत सापडतात. पुढचे दोन क्रिमिनॉलॉजीचे. त्यांची उत्तरं आकडेवारीत, तुरुंगांत, मुलाखतींत, अभ्यासगटांत शोधावी लागतात. अठराव्या वर्षी एखादी मुलगी हे चारही प्रश्न एका पानावर लिहिते, तेव्हा तिची आवड वरवरची नाही, हे मी धरून चालतो. संयुक्त पदवीचं खरं मोलही इथेच आहे. मँचेस्टर किंवा शेफील्डसारख्या विद्यापीठांत कायद्याबरोबर क्रिमिनॉलॉजी पहिल्या वर्षापासून शिकवतात. आपल्याकडे एलएलबीत दंडशास्त्र (शिक्षेचा अभ्यास) आणि पीडितशास्त्र (गुन्ह्याची झळ बसलेल्यांचा अभ्यास) बहुधा एखाद्या ऐच्छिक पेपरपुरतं असतं. तेव्हा "इथेही तेच मिळतं" असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते मिळत नाही.

प्रश्न आहे तो हे मोल कधी आणि कोणाच्या पैशातून घ्यायचं याचा.

आधी तीन वर्षांचं पाहू, कारण तुमचा सगळा हिशोब त्यावर उभा आहे. भारतात वकिली करायची तर राज्य बार कौन्सिलची सनद लागते. ती मिळते पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या किंवा बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या मान्यताप्राप्त कायदा पदवीवर. बारावीनंतर परदेशात केलेली तीन वर्षांची एलएलबी या दोन्हींत थेट बसत नाही. अशा विद्यार्थ्यांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाने दोन वर्षांचा पूरक अभ्यासक्रम आणि पात्रता परीक्षा असा मार्ग आखला आहे. त्यापुढे अखिल भारतीय बार परीक्षा असतेच. म्हणजे तीन अधिक दोन, पाच वर्षं झालीच. शिवाय पदवीच्या नावाकडे नीट बघा. 'एलएलबी, क्रिमिनॉलॉजीसह' आणि 'बीए, कायदा व क्रिमिनॉलॉजी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत कायद्याचे सगळे पायाभूत विषय नसतील, तर तिकडे बॅरिस्टर व्हायलाही ती कमी पडते आणि इकडे सनदेसाठी तिचा उपयोग आणखी अवघड. प्रवेशपत्रावर नेमकं काय छापलं आहे, ते तुमच्या पत्रात नाही. ते आज संध्याकाळीच काढून बघा.

आता पैसे. फी वर्षाला २३ हजार पौंड, असं तुम्हीच लिहिलंय. राहणं, खाणं, प्रवास यांसाठी लंडनबाहेर वर्षाला साडेबारा हजार पौंड धरू. तीन वर्षांचे झाले १ लाख ६ हजार ५०० पौंड. पौंड १२० रुपयांना धरला तर १ कोटी २८ लाख रुपये. यात दरवर्षीचं ७७६ पौंड आरोग्य शुल्क, व्हिसा आणि विमानाची तिकिटं नाहीत. तीन वर्षांत रुपया घसरला तर तो फरकही तुमच्याच खिशातून जाईल. म्हणजे ९० लाख हा आकडा सुरुवातीलाच ३८ लाखांनी कमी पडतो. कर्ज २४ लाखांचं नाही, साठ लाखांच्या वर लागेल.

गोल ६० लाख घेऊन हिशोब करतो. दरवर्षी २० लाख उचलले, व्याज साडेदहा टक्के, अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्ष हप्त्यांना सवलत. या चार वर्षांत साधं व्याजच जवळपास १९ लाख साठतं. मग ७९ लाखांवर दहा वर्षांचे हप्ते सुरू होतात, महिन्याला सुमारे १ लाख ६ हजार रुपये. तेव्हा तुमचं वय ५३ असेल, आणि शेवटचा हप्ता ६३व्या वर्षी. तुमची कंपनी ५८ला निवृत्त करते. हातात येणाऱ्या तुमच्या आजच्या पगाराशेजारी हा हप्ता ठेवून पाहा. शिवाय एवढ्या मोठ्या रकमेला बँका बहुतेक वेळा तारण मागतात, आणि तुमचा फ्लॅट आधीच एका बँकेकडे गहाण आहे.

"ती तिकडे नोकरी करून फेडेल" असं तुम्ही लिहिलंय. तुमची लेक फेडेलही, तिच्या जिद्दीबद्दल मला शंका नाही. पण दारं किती उघडी आहेत ते बघू. शिकत असताना सत्रात आठवड्याला २० तासांपलीकडे काम करता येत नाही. पदवीनंतर राहून काम करण्याचा जो व्हिसा आहे, त्याची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांसाठी दोन वर्षांवरून १८ महिन्यांवर येते आहे. तिकडे सॉलिसिटर व्हायचं तर दोन परीक्षा आणि दोन वर्षांचा पात्र अनुभव लागतो. एखाद्या फर्मने प्रायोजकत्व दिलं तर रस्ता मोकळा होतो, पण ते गृहीत धरून घर गहाण टाकू नये. आणि ती परत आली, पुण्यातच शिवाजीनगरच्या कोर्टात एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून उभी राहिली तर? बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरांतल्या ज्युनिअर वकिलांना महिन्याला किमान २० हजार मानधन द्यावं, अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, सक्ती नाही. फौजदारी वकिलीत पहिली पाच वर्षं पैसा हळूहळूच येतो. त्या वर्षांत तिच्या डोक्यावर लाखाचा हप्ता असेल, तर ती तिला हवं ते काम करूच शकणार नाही. कैद्यांची, अल्पवयीन मुलांची, पीडितांची प्रकरणं बाजूला राहतील आणि ज्यात पैसा आहे ते करावं लागेल. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच.

जमिनीबद्दल थोडं. सातबाऱ्यावर भावाचंही नाव आहे, वाटणी झालेली नाही, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. हा ओझरता मुद्दा नाही. वाटणी, मोजणी, फेरफार, मग गिऱ्हाईक, हे सप्टेंबरच्या आत होईल असं धरू नका. घाईत विकलेली जमीन पडत्या भावात जाते आणि भावाभावांत कटुता येते ती वेगळीच. जमीन कायद्याच्या व्याख्येतली ग्रामीण शेतजमीन नसेल तर भांडवली नफ्यावर कर लागेल: इंडेक्सेशनशिवाय (महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून न धरता) साडेबारा टक्के, किंवा २३ जुलै २०२४ च्या आधीची मालमत्ता असल्याने इंडेक्सेशनसह वीस टक्के, यातला जो कमी बसेल तो. तसं झालं तर ४० लाख पूर्ण हातात येणार नाहीत.

माझा सल्ला स्पष्ट आहे: आत्ता जाऊ नये. सीईटीतून पुण्यातल्या कॉलेजात पाच वर्षांची बीए एलएलबी करावी, आणि क्रिमिनॉलॉजी त्यानंतर स्वतंत्र पदव्युत्तर पदवी म्हणून घ्यावी.

आयएलएस लॉ कॉलेज १९२४ पासून आहे, आणि जिथे ते आहे त्या रस्त्यालाच लॉ कॉलेज रोड म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. तिथे किंवा सीईटीतून मिळणाऱ्या दुसऱ्या चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला तर फी, पुस्तकं, मुंबई-दिल्लीतली इंटर्नशिप धरून वर्षाला दीड लाख बाजूला ठेवा. म्हणजे महिन्याला साडेबारा हजार, तुमच्या ४५ हजारांतून सहज निघणारे. (खासगी अभिमत विद्यापीठांत एकट्या फीचाच आकडा वर्षाला काही लाखांवर जातो, तो विचार तूर्त नको.) ८ लाखांखालच्या उत्पन्नासाठीच्या फी सवलती तुम्हाला लागू होणार नाहीत, त्यामागे वेळ घालवू नका.

दोन विषय 'एकत्र' शिकण्याची तिची ओढ या पाच वर्षांतही भागवता येते, फक्त पदवीच्या कागदावर तसं छापलेलं नसेल. बार कौन्सिलचे नियम एलएलबीबरोबर दुसरी नियमित पदवी करू देत नाहीत, पण विद्यापीठांच्या दूरशिक्षण केंद्रांचे अभ्यासक्रम चालतात. मात्र वाचनापेक्षा मोठं शिक्षण शहरात आहे. येरवड्याचं मध्यवर्ती कारागृह, बाल न्याय मंडळ, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रामार्फत ती या ठिकाणी काम करू शकते. पहिल्या वर्षापासून तिने एका सत्रात खटले बघावेत आणि पुढच्या सत्रात त्या खटल्यांमागची माणसं. तेही ती नुसतं बघायला नव्हे, नोंदी ठेवायला गेली, तर पुढे पदव्युत्तर प्रवेशासाठी या नोंदींइतकं वजन दुसऱ्या कशालाच नसेल.

काळही तिच्या बाजूचा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं नव्या संहितेने आवश्यक केलं आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे तुमची मुलगी पास होईल तेव्हा पुरावा, प्रयोगशाळा आणि शिक्षा यांची सांगड घालू शकणाऱ्या वकिलांची गरज वाढलेली असेल. विधी सेवा प्राधिकरणांच्या बचाव वकील योजनेत ठरावीक मानधनावर फौजदारी काम मिळतं, एमपीएससीमार्फत सहायक सरकारी अभियोक्ता होता येतं. न्यायाधीश व्हायचं मनात आलं तर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तीन वर्षांची वकिली आवश्यक केली आहे, हे लक्षात असू द्या. या सगळ्या वाटांना आधी सनद लागते. एक खुलासा, कारण अनेक पालक इथे गफलत करतात: क्रिमिनॉलॉजी म्हणजे फॉरेन्सिक प्रयोगशाळा नव्हे. तिला प्रयोगशाळेत काम करायचं असेल तर ती विज्ञान शाखेची वाट आहे.

आता पदव्युत्तर पदवीचे पैसे. इंग्लंडमध्ये क्रिमिनॉलॉजीची एमएससी एका वर्षाची असते. फी आणि राहणं मिळून ३८ हजार पौंड धरले तर आज साडेपंचेचाळीस लाख. दरवर्षी सहा टक्के वाढ धरली तर पाच वर्षांनी ६१ लाख. फंडातल्या २६ पैकी ८ लाख अडीअडचणीसाठी सोडा, १८ लाख या ध्येयाच्या नावाने ठेवा आणि महिन्याला २० हजारांची एसआयपी जोडा. नऊ टक्के परतावा मिळाला तर पाच वर्षांत ४२-४३ लाख होतात. शेवटच्या दोन वर्षांत ही रक्कम हळूहळू सुरक्षित डेट फंडात किंवा मुदत ठेवीत आणायची, कारण फी भरायच्या महिन्यात बाजार कोसळलेला असू शकतो. उरलेले १८ लाख कर्ज. त्याचा हप्ता सुमारे २९ हजार येतो, तो तिचा ती भरू शकेल, आणि पीएफला हात लागत नाही. मुलाच्या शिक्षणासाठी व तुमच्या निवृत्तीसाठी साडेबारा हजार महिना उरतातच, आणि तुमच्या ५५व्या वर्षी घराचा हप्ता संपला की ते ३१ हजारही त्यात वळवा.

पदव्युत्तर पातळीवर शिष्यवृत्त्याही जास्त आहेत. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्या मास्टर्सचा जवळजवळ सगळा खर्च देते. त्यासाठी २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. दोन-तीन वर्षं वकिली केलेल्या मुलीला ही अट जड नाही. आणि तोपर्यंत तिला मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा गांधीनगरचं न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ जास्त योग्य वाटलं, तर यातला बराचसा पैसा वाचेल.

माझं मत दोन गोष्टींनी बदलेल. विद्यापीठाने निम्म्याहून जास्त फी माफ केली, तर मला पुन्हा लिहा, आकडे नव्याने मांडू. किंवा मुलीने शांतपणे विचार करून सांगितलं की तिला वकिली करायचीच नाही, संशोधनच करायचं आहे, तर सनदेचा मुद्दा गळून पडतो. तेव्हाही सव्वा कोटींचं समर्थन मी करणार नाही, पण तुलना वेगळ्या पर्यायांशी करावी लागेल.

हे तिला सांगताना "परवडत नाही" एवढंच सांगू नका. हा हिशोब तिच्यासमोर ठेवा, हप्त्याचा आकडा तिला स्वतः काढू द्या. विद्यापीठाला ठेव रक्कम भरायची मुदत अजून गेलेली नसेल, तर सीईटीची प्रवेशयादी लागेपर्यंत ती भरू नका. परत मिळण्याच्या अटी बहुधा कडक असतात. आणि जमिनीचं म्हणाल तर विकायची नसली तरी भावाबरोबर बसून वाटणीपत्र या वर्षी करून घ्या, नोंदणीसह.