वाचक विचारतात : पावसाळ्यातली कळसूबाईची वाट

प्रश्न : जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं बारी गावातून कळसूबाईला जाणार आहोत. सिंहगड, लोहगड पावसात केलेत. एका दिवसात वर जाऊन परत येता येईल ना? शिड्यांची धास्ती वाटते. (ठाण्याच्या एक वाचक)

उत्तर : येता येईल, पण सकाळी सहा-साडेसहाला बारी सोडा. शिखर १६४६ मीटरवर आहे आणि गावातून साधारण साडेआठशे ते नऊशे मीटर चढ पडतो, म्हणजे सिंहगडापेक्षा बराच जास्त. पावसात चढायला साडेतीन-चार तास आणि उतरायला जवळजवळ तेवढेच धरा. एक वाजेपर्यंत माथा आला नाही तर जिथे असाल तिथून मागे फिरा.

धास्ती घ्यायचीच तर शिड्यांपेक्षा मातीची घ्या. खालच्या टप्प्यात वाट भातखाचरांमधून जाते. चिखल चुकवायला बांधावरून चालावंसं वाटतं. ते टाळा. ओला बांध पायाखाली खचला की खाचरातलं पाणी निघून जातं आणि ऐन लावणीत शेतकऱ्याचं काम वाढतं. बूट भरले तर भरू द्यात.

पुढे माती आणि कातळ आलटून पालटून येतात आणि बहुतेक जण घसरतात ते याच सांध्यावर. बुटाच्या खाचा चिखलाने भरतात, तळवा सपाट होतो आणि पुढचं पाऊल ओल्या कातळावर पडताच सटकतं. म्हणून कातळ चढण्याआधी बूट दगडाच्या कडेला दोनदा घासून घ्या. हिरवट-काळा, तुळतुळीत दगड म्हणजे शेवाळ, त्यावर पाय नको. वाटेच्या मधला दगड हजारो पावलांनी गुळगुळीत झालेला असतो, कडेचा खडबडीत बरा.

आता शिड्या. लोखंडी आहेत, कठडे आहेत, चढताना फारसा त्रास होत नाही. गडबड होते ती उतरताना, दरीकडे तोंड करून उतरणाऱ्यांची. तोंड शिडीकडे ठेवा आणि दोन हात, दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवा. पायरीवर नुसता चवडा टेकवू नका, टाचेपुढचा खोलगट भाग बसवा, म्हणजे पाय पुढे निसटत नाही. खालचा माणूस शिडीवरून पूर्ण बाजूला होईपर्यंत वरच्याने थांबायचं. काठ्या मिटून सॅकमध्ये. घोळदार पोंचो वाऱ्याने फुगतो आणि पायरीही दिसू देत नाही, त्यापेक्षा जॅकेट घाला. शनिवार-रविवारी शिड्यांपाशी रांग लागते आणि भिजलेल्या अंगाने वाऱ्यात उभं राहावं लागतं. जमलं तर मधला वार निवडा.

धुकं असेल तर मधल्या सपाटीवर ढोरवाटा फसवतात. रुळलेली वाट, पायऱ्या किंवा कठडा दिसेनासा झाला की शेवटची खात्रीची खूण होती तिथपर्यंत मागे या.

निघण्याआधी एक चौकशी मात्र कराच. अतिवृष्टीच्या इशाऱ्यात प्रशासन कधी कधी डोंगरांवर जायला बंदी घालतं.

प्रश्न : उतरताना ओढ्याला पाणी वाढलेलं असलं तर?

उत्तर : पाणी गढूळ असेल, गुडघ्याच्या वर असेल किंवा तळाशी दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर ओलांडू नका. हे ओढे छोटे असतात. जोर ओसरला की बहुधा तास-दोन तासांत उतरतात. थांबायचं ते काठापासून उंचावर. गुडघ्याखालच्या पाण्यातून जातानाही सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर सॅक झटकून टाकता येते. मानवी साखळी करायच्या फंदात पडू नये. एक घसरला की बाकीचेही ओढले जातात.

प्रश्न : डिसेंबरात गेलो तर वाट सोपी का?

उत्तर : श्वासाला सोपी, गुडघ्यांना नाही. वाळलेल्या मातीवर बारीक खडे सुटे होतात आणि उतारावर घसारा लागतो. पावलं आखूड टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा आणि काठ्या चढापेक्षा पाच-सात सेंटिमीटर लांब करा. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि विहिरीचं प्यायचंच असेल तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा.