किम लिटल एवढी मोठी फुटबॉलपटू म्हणतात, मग स्कॉटलंडकडून खेळताना तिने काहीच का जिंकलं नाही?

कारण ती खेळत होती त्यातला बहुतेक काळ स्कॉटलंडचा महिला संघ मोठ्या स्पर्धेपर्यंत पोचतच नव्हता. अ‍ॅबर्डीनशायरमधल्या मिंटलॉ नावाच्या छोट्या गावात वाढलेली ही मुलगी 2007 मध्ये, सोळाव्या वर्षी देशाच्या संघात आली. संघ पहिल्यांदा युरोला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला गेला तो दहा वर्षांनी, 2017 मध्ये. आणि स्पर्धा तोंडावर आलेली असताना लिटलच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. तिच्याविना गेलेला संघ पहिल्याच सामन्यात इंग्लंडकडून 6-0 हरला.

मग आला 2019 चा विश्वचषक, तोही स्कॉटलंडचा पहिलाच. पहिले दोन सामने 2-1 असे हातचे गेले, त्यामुळे अर्जेंटिनाला हरवणं भागच होतं. पॅरिसमधला तो सामना आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सुरू झाला आणि मी जागून पाहिला. पहिला गोल लिटलचा. 69व्या मिनिटाला 3-0! पुढच्या दहा मिनिटांत अर्जेंटिनाने दोन गोल फेडले आणि शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. गोलरक्षक ली अलेक्झांडरने ती अडवली, मला वाटलं सुटलो. पण व्हीएआरमध्ये, म्हणजे व्हिडिओ पाहून पंच निर्णय तपासतात त्यात, दिसलं की चेंडू मारण्याआधीच तिचे पाय गोलरेषेच्या पुढे आले होते, आणि ते नियमात बसत नाही. पेनल्टी पुन्हा घेतली, 3-3, आणि स्कॉटलंड घरी. आजही ती रात्र आठवली की पोटात कालवतं.

आता क्लबांकडे बघा. स्कॉटलंडमधल्या हिबर्नियन क्लबमधून ती 2008 मध्ये लंडनच्या आर्सेनलला आली. 2013 मध्ये इंग्लंडमधल्या खेळाडूंच्या संघटनेने महिलांसाठी वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार सुरू केला, तो पहिल्यांदा तिलाच मिळाला. पुढच्या वर्षी ती अमेरिकेत सिअ‍ॅटलला गेली आणि पहिल्याच हंगामात 16 गोल करून लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारी आणि सर्वोत्तम खेळाडू ठरली. मधल्या फळीतल्या खेळाडूने हे करणं किती अवघड, ते फुटबॉल खेळलेल्यांना विचारा.

2021 मध्ये तिने आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडलं: 140 सामने, 59 गोल. दुखापतींनी शरीर थकलं होतं आणि उरलेली वर्षं तिला क्लबला, म्हणजे पुन्हा आर्सेनललाच, द्यायची होती. तेव्हा वाईट वाटलं होतं, पण निर्णय बरोबरच होता असं माझं ठाम मत आहे. मे 2025 मध्ये लिस्बनला आर्सेनलने बार्सेलोनाला 1-0 हरवून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकली. आर्सेनलने ती याआधी एकदाच, 2007 मध्ये जिंकली होती, म्हणजे लिटल येण्याच्या एक वर्ष आधी. या वेळी कर्णधार तीच होती, चौतिसाव्या वर्षी.

तिचा खेळ नव्याने बघणार असाल तर याच अंतिम सामन्यापासून सुरुवात करा. चेंडू दुसऱ्याकडे असताना नजर तिच्यावर ठेवा. पास येण्याआधी ती मान वळवून मागे कोण आहे ते पाहून घेते, आणि चेंडू पायाशी येतो तोवर अर्धी वळलेली असते.