वाचकांचे प्रश्न : नळी आता तिच्या हातात

प्रश्न : माझ्या मुलीला जन्मापासून स्पायना बिफिडा (पाठीचा कणा नीट न जुळण्याचा आजार) आहे. वय १६. पाठीचं ऑपरेशन तान्हेपणीच झालं, डोक्यात शंट (मेंदूतलं जादा पाणी खाली वळवणारी बारीक नळी) आहे. चालते, पण लघवी लागल्याचं कळत नाही. दिवसातून पाच वेळा मी लघवी काढायची नळी घालते. बारावीनंतर ती पुण्याला हॉस्टेलवर जाणार. शिकवायचं कसं? (एक आई, कराड)

उत्तर : आधी सामान आणि घड्याळ तिच्या ताब्यात द्या. नळ्या, जेली संपत आल्या हे तिनं ओळखायचं, मोबाइलचा गजर तिनं लावायचा. महिनाभरानं नळी.

साबणानं हात धुऊन कमोडवर पाय फाकून बसायचं, समोर छोटा आरसा. जागा पुढून मागे पुसायची. नळीच्या टोकाला जेली. मुलींचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर असतो, म्हणून लघवी सुरू झाली की नळी अजून एक-दोन सेंटिमीटर आत न्यायची, बस. धार थांबली की हळूहळू बाहेर काढायची. मध्येच पुन्हा धार आली तर तिथेच थांबायचं. भसकन ओढली तर तळाशी लघवी उरते आणि जंतूंचं फावतं. सुरुवातीला नळी योनीमार्गात जातेच. तेव्हा ती काढू नये, खूण म्हणून तिथेच राहू द्यावी आणि दुसरी, स्वच्छ नळी तिच्या वरच्या बाजूला घालावी. एवढी युक्ती कळली की मुलींची निम्मी भीती जाते. तुम्ही आधी दाराशी थांबा, मग दाराबाहेर.

बहुतेक मुलींचा हात लवकर बसतो, बिघडतं ते वेळापत्रक. कॉलेजचं स्वच्छतागृह घाण म्हणून दुपारची नळी चुकते, मग पाणी पिणंच बंद होतं. मूत्राशय तुडुंब भरलं की आतला दाब वाढून मूत्रपिंडांवर येतो, आणि संवेदना नसल्यानं दुखतही नाही. आठवडाभर प्रत्येक वेळची लघवी मापाच्या मगात मोजून वहीत लिहायला सांगा. आकडा सारखा ४०० मिलीच्या वर जात असेल तर दोन नळ्यांमधलं अंतर कमी करायचं. पाणी कमी करणं हा उपाय नव्हे.

दवाखान्यात पहिली दहा मिनिटं तिला एकटीला आत जाऊ द्या. आजार काय, ऑपरेशनं कोणती, गोळ्या कोणत्या हे तिच्या तोंडून आलं पाहिजे. ‘ती लाजते हो’ म्हणत आई उत्तरं देत राहिली की मुलगी विशीतही फाइल उघडत नाही. शंट कोणत्या बाजूला, त्याचा व्हॉल्व्ह (झडप) कोणत्या प्रकारचा, शेवटची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठीची रक्ततपासणी) कधीचं, या कागदांचे फोटो तिच्या मोबाइलमध्ये हवेत. मुलांच्या तपासणी-उपचारांचा सरकारी ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ १८ वर्षांपर्यंतच आहे, तेव्हा मोठ्यांचे युरोलॉजिस्ट आणि न्यूरोसर्जन आत्ताच गाठून ठेवा.

रूममेटला आणि रेक्टरना एक गोष्ट सांगितलेली असावी : वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी दिसली तर त्याच रात्री शंट तपासून घ्यायचा. पित्त समजून गोळी घेऊन झोपायचं नाही. पायांना संवेदना कमी असेल तर स्कूटरच्या सायलेन्सरपासून जपायला सांगा. भाजलेलं संध्याकाळी मोजा काढल्यावर दिसतं.

प्रश्न : मी १९ वर्षांचा, मलाही हाच आजार. नळी स्वतः घालतो. लघवी गढूळ दिसली की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणतो. चालेल ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. रोज नळी घालणाऱ्यांच्या लघवीत जंतू जवळजवळ नेहमीच सापडतात, नुसतं गढूळपण म्हणजे इन्फेक्शन नव्हे. पाणी वाढवा, नळीची एकही वेळ चुकवू नका. ताप, थंडी, कुशीत दुखणं किंवा अचानक वाढलेली गळती असेल तर डॉक्टरकडे जा, आणि पहिली गोळी घेण्याआधी लघवी कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) द्या. गोळी आधी पोटात गेली तर कल्चरमध्ये अनेकदा जंतू वाढत नाहीत आणि कोणतं औषध लागू पडेल हे कळत नाही. शिवाय स्पायना बिफिडा असलेल्या अनेकांना लॅटेक्सची (नैसर्गिक रबराची) ॲलर्जी असते. नळी लॅटेक्सची नको, ड्रेसिंग करणाऱ्यांचे हातमोजेही नकोत. हे दर वेळी तुम्हीच सांगायचं.