आवाज माझा, वाक्यं माझी नाहीत

प्रश्न : मी डोंबिवलीत राहते, १४ वर्षं डबिंग करते आहे. २०१९ मध्ये अंधेरीच्या एका स्टुडिओत एका परदेशी वेब मालिकेतल्या नायिकेच्या आईला हिंदी आवाज दिला. दोन सीझन, एकूण १८ भाग. पहिल्याच दिवशी एका पानावर सही घेतली होती, त्याचा फोटो सोबत पाठवते आहे. श्रेयनामावलीत माझं नाव नाही. गेल्या महिन्यात तिसरा सीझन आला. मला बोलावलं नव्हतं, म्हणून वाटलं दुसऱ्या कुणाला घेतलं असेल. लावून पाहिलं तर आवाज माझाच, वाक्य सुरू करण्याआधी मी घेते तो छोटा श्वाससुद्धा. पण ती वाक्यं मी कधी बोललेच नाही. डबिंग डायरेक्टर म्हणाले, "एआयने केलंय, तुमची सही आहे ना." आता तोच स्टुडिओ दुसऱ्या मालिकेसाठी नवा करार पाठवतो आहे, त्यात एआयचं कलम आहे. सही केली नाही तर काम जाईल. गायक अरिजीत सिंग यांच्या आवाजाबद्दल निकाल लागला, तो मला उपयोगी पडेल का? मी काय करू?

उत्तर : ताई, पहिली गोष्ट : नव्या करारावर आज सही करू नका. बाकीचं सगळं त्यानंतर.

तुम्ही पाठवलेलं २०१९ चं पान मी दोनतीनदा वाचलं. त्यातल्या ज्या कलमाच्या जोरावर स्टुडिओ बोलतो आहे, त्याचा मराठीत अर्थ असा : या मालिकेसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क, आज माहीत असलेल्या आणि पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत, स्टुडिओकडे राहतील. इथे शब्द "ध्वनिमुद्रणाचे" असा आहे. तुम्ही १८ भागांचे ट्रॅक दिलेत. त्यावरून तुमच्यासारखं बोलणारं यंत्र तयार करायची परवानगी त्या पानावर कुठेही नाही. तुमची सगळी बाजू याच फरकावर उभी आहे.

आता कायदा. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली कलम ३८ए आणि ३८बी आली. ३८ए प्रमाणे आपल्या सादरीकरणाची नक्कल काढणं, ते इलेक्ट्रॉनिक पद्धतीने साठवणं, हा हक्क कलाकाराचा. एकदा लेखी संमती दिली की निर्मात्याच्या वापराला हरकत घेता येत नाही, हे खरं. पण कायद्याचे शब्द आहेत "त्याच चित्रपटात". पहिल्या दोन सीझनचे ट्रॅक त्यांनी त्याच भागांसाठी वापरले तर तुमची तक्रार चालणार नाही. ते ट्रॅक एआयला शिकवायला घातले आणि तिसऱ्या सीझनसाठी नवीन संवाद काढले, तर हा वापर "त्याच" कामातला कसा, हे त्यांना सांगावं लागेल. मालिका एकच आहे, असं ते म्हणतील. प्रत्येक भाग हे स्वतंत्र चित्रीकरण आहे आणि तुमचं मानधनही शिफ्टप्रमाणे दिलं गेलं, असं आपण म्हणू. म्हणून जुनी बिलं जपून ठेवा. त्यावर "डबिंग, दोन शिफ्ट" असं लिहिलेलं असेल तर ते फार उपयोगी पडेल.

याहून पक्की जागा कलम १९ मध्ये आहे. हक्कांच्या हस्तांतराबद्दलची कलम १८ आणि १९, कलम ३९ए मुळे कलाकारांच्या हक्कांनाही लागू होतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हस्तांतर ५ वर्षांचंच धरलं जातं. तुमच्या पानावर मुदत नाही. "कायमस्वरूपी" हा शब्द अशा कागदांत बहुतेक वेळा असतोच, म्हणून मी मुद्दाम शोधला, तो नाही. म्हणजे २०१९ ची मुदत २०२४ मध्ये संपली. शिवाय कलम १८ सांगतं की करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराची जी पद्धत अस्तित्वात नव्हती किंवा व्यवहारात नव्हती, तिला करार लागू होत नाही. तिचा स्पष्ट उल्लेख असेल तरच होतो. "पुढे येणारी सर्व माध्यमं" म्हणजे स्पष्ट उल्लेख नव्हे, असं माझं मत आहे. स्टुडिओ म्हणेल की आवाजाची नक्कल करणारं तंत्र २०१९ मध्येही होतं. म्हणून हा मुद्दा मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन.

एक अडथळा आधीच सांगते. श्रेयनामावलीत तुमचं नाव नाही, असं तुम्ही लिहिलंय. कायद्यात "कलाकार" या व्याख्येला एक परंतुक, म्हणजे अपवाद, आहे : चित्रपटात ज्याचं काम किरकोळ, ओघाने आलेलं आहे आणि ज्याचं नाव देण्याची धंद्यात रीत नाही, तो कलाकार धरला जात नाही. समोरचा वकील हे परंतुक पहिल्या सुनावणीलाच काढेल. पण यात दोन्ही अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात. १८ भाग नायिकेची आई बोलते, ते किरकोळ काम कसं? स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण "प्रत्यक्ष सादरीकरण" नाही, असाही युक्तिवाद होतो. त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये गायिका नेहा भसीन यांच्या दाव्यात सांगितलंय की सादरीकरण प्रेक्षकांपुढे असो की स्टुडिओत, मुळात ते प्रत्यक्षच असतं.

तुम्ही अरिजीत सिंग यांच्या निकालाबद्दल विचारलंय. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये संमतीशिवाय एआयने त्यांचा आवाज वापरण्याला मनाई केली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण दिलं. निकाल आपल्या कामाचे आहेत, पण ते नामवंतांचे आहेत. नाव आणि आवाज विकला जातो, यावर त्यांचा भर आहे. तुमचा आवाज लाखो लोकांनी ऐकला, नाव कुणालाच माहीत नाही. म्हणून स्टुडिओला पाठवायच्या नोटिशीत मी व्यक्तिमत्त्व हक्क (आपलं नाव, चेहरा, आवाज यांवरचा हक्क) लिहीन, पण आधार कॉपीराइट कायद्याचा घेईन. जोडीला सर्वोच्च न्यायालयाचा खासगीपणाच्या हक्काबद्दलचा पुट्टस्वामी निकाल (२०१७) आहे. त्यात न्यायमूर्ती कौल यांनी आपल्या ओळखीच्या व्यावसायिक वापरावर नियंत्रण ठेवण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीचा मानलाय, फक्त प्रसिद्ध माणसाचा नाही.

निर्मात्याने एआय वापरूच नये, असा कायदा नाही. नेटफ्लिक्सने जुलै २०२५ मध्ये सांगितलं की अर्जेंटिनातल्या त्यांच्या एका मालिकेत इमारत कोसळण्याचं दृश्य जनरेटिव्ह एआयने केलंय. इमारतीला कलाकाराचा हक्क नसतो. तुमच्या आवाजामागे तुम्ही आहात.

आता करायचं काय. तिसरा सीझन प्लॅटफॉर्मवर आहे तोवर भाग, मिनिट, सेकंद आणि संवाद असं वहीत लिहून काढा. सोबत दुसऱ्या सीझनचा तुमचा खरा संवाद लिहा, म्हणजे तुलना करता येईल. दुसऱ्या फोनवर चित्रित करून ठेवा आणि मूळ फाइल कापू, बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा) लिहावं लागतं. ते आपण करून घेऊ. डबिंग डायरेक्टरशी यापुढे फोनवर बोलू नका, व्हॉट्सॲपवर साधं विचारा : "तिसऱ्या सीझनमध्ये माझा आवाज कोणत्या रेकॉर्डिंगवरून केला?" लेखी उत्तर आलं तर अर्धं काम झालं. फेसबुकवर कुणाचं नाव घेऊन लिहू नका. बदनामीची उलट नोटीस येईल आणि आपला वेळ त्यातच जाईल.

नंतर स्टुडिओ आणि निर्माता, दोघांनाही नोटीस : वापर थांबवा, कोणतं रेकॉर्डिंग कुठे घातलं ते सांगा, मोबदला द्या, श्रेय द्या. तातडीने मनाई मागायची नसेल तर व्यावसायिक न्यायालयात जाण्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. बहुतेक प्रकरणं तिथेच मिटावीत, असं मला वाटतं. नुकसानभरपाईसाठी ३ वर्षांची मुदत आहे, पण मनाई मागायची असेल तर उशीर अंगाशी येतो.

काम जाण्याच्या भीतीबद्दल. ती भीती खरी आहे आणि कुठलंही कलम ती पुसत नाही. म्हणून एकट्याने लढू नका. त्या मालिकेत ज्यांचे आवाज तिसऱ्या सीझनला पुन्हा ऐकू आले, त्यांना शोधा. चार जणांची नोटीस आणि एकटीची नोटीस, स्टुडिओत दोन्ही वेगळ्या नजरेने वाचल्या जातात. २०२३ मध्ये अमेरिकेतले कलाकार ११८ दिवस संपावर होते, म्हणून तिथल्या करारात डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला लिहिला गेला. आपल्याकडे ते प्रत्येकीला आपल्या कागदावर लिहून घ्यावं लागतं.

तर नवा करार परत पाठवताना एआयच्या कलमाखाली हे लिहा : "माझ्या ध्वनिमुद्रणाचा वापर फक्त या मालिकेच्या ठरलेल्या भागांसाठी. त्यावरून कृत्रिम आवाज तयार करणं किंवा कोणत्याही प्रणालीला शिकवणं, माझ्या प्रत्येक वेळच्या स्वतंत्र लेखी संमतीशिवाय आणि स्वतंत्र मानधनाशिवाय नाही." सौदा करायचाच असेल तर मुदत, भाषा आणि काम संपल्यावर फाइल पुसण्याची अट, या तीन गोष्टी सोडू नका.

तुमच्या पानाच्या फोटोत सहीखालची तारीख अंगठ्याने झाकली गेली आहे. ५ वर्षांचा हिशेब त्याच तारखेपासून सुरू होतो. नोटीस लिहिण्याआधी तो फोटो पुन्हा काढून पाठवा.