पावसाळ्याआधी जुन्या पुलाची तपासणी करतात, म्हणजे नेमकं काय बघतात?

सगळ्यात आधी पाया. पुराचं पाणी खांबाला आपटून खाली वळतं आणि बुडाशी भोवरा धरून वाळू उपसतं. पूर ओसरला की तोच खड्डा गाळाने भरतो, वरून सगळं ठीक दिसतं. म्हणून खांबाभोवती खोली मोजायलाच हवी. कठड्यावरून वाकून बघण्याला तपासणी म्हणत नाहीत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. ती रात्र कोकणात कुणी विसरलेलं नाही.

दगडी कमानीत पिंपळाचं रोप दिसलं तर नुसतं छाटून उपयोग नाही. मुळं सांधे फोडतात. ती समूळ काढून सांधा पुन्हा भरावा लागतो. पाणी निघायची भोकंही तुंबलेली नकोत.