तीन समीकरणे आणि ठाण्याची खाडी

प्रश्न : किनारी प्लवकांची (पाण्याबरोबर तरंगत वाहणाऱ्या बारीक जीवांची) वाढ पोषकद्रव्ये, वनस्पतिप्लवक आणि प्राणिप्लवक यांच्या तीन समीकरणांत मांडतात, असे वाचले. केरळच्या समुद्रासाठी केलेले असे गणिती प्रतिमान आमच्या खाडीला लावता येईल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : समीकरणे लावता येतील; त्यांतील गृहीतके मात्र जशीच्या तशी उचलता येणार नाहीत, कारण दोन्ही ठिकाणी वाढ अडते ती वेगवेगळ्या गोष्टींपायी.

केरळच्या किनाऱ्यालगत जून ते सप्टेंबर या काळात वारा बव्हंशी किनाऱ्याला समांतर, दक्षिणेकडे वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे पाणी त्याच्या उजवीकडे, म्हणजे खोल समुद्राकडे सरकते आणि त्याची जागा खालचे थंड, नायट्रेटयुक्त पाणी घेते. या पाण्यात खत भरपूर, पण पेशी थोड्या असतात. पुरेशा प्रकाशात डायटम, म्हणजे वनस्पतिप्लवकांतील एकपेशी शैवाले, दिवसाला साधारण एकदा दुप्पट होतात, तर त्यांना खाणाऱ्या कोपेपॉडांची (कोळंबीच्या जातकुळीतील चिमुकल्या प्राणिप्लवकांची) एक पिढी पुरी व्हायला काही आठवडे लागतात; बहर येतो तो या मधल्या अवधीत. वारा सतत जोराचा राहिला, तर वाढीला लागलेल्या पेशी किनाऱ्यापासून दूर वाहून जातात. म्हणूनच प्रतिमानात वाऱ्याची हंगामी सरासरी घालून भागत नाही, त्याचे रोजचे चढउतार द्यावे लागतात.

आपल्या खाडीत सांडपाण्यामुळे नायट्रोजन आणि फॉस्फरस यांची वाण नाही. कमतरता असते ती प्रकाशाची. ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या पुलावरून पाहिल्यास गाळाने तपकिरी झालेले पाणी दिसते, त्यात सूर्यप्रकाश फार खोल जाऊच शकत नाही. सागरशास्त्रज्ञ गॉर्डन रायली यांनी १९४६ साली अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळील जॉर्जेस बँक या उथळ समुद्रासाठी जे समीकरण मांडले, त्यातही पाण्याच्या पारदर्शकतेचा विचार होता. येथे तोच घटक मुख्य मानावा लागेल. शिवाय ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर सूक्ष्म शैवाल वाढते, रोहित पक्षी तेथेच चरतात आणि भरतीचे पाणी ते शैवाल ढवळून वर आणते. त्यासाठी चौथे समीकरण हवे.

प्राणिप्लवकांचा मृत्युदर ही माझ्या मते सर्वांत नाजूक जागा आहे. त्यांना कोण किती खाते, हे प्रतिमानकार बहुधा एका पदात गृहीत धरतो, आणि त्या पदाच्या रूपावर उत्तर स्थिरावते की हेलकावे खात राहते, हे ठरू शकते. तेव्हा आपण प्रयोग करणार असाल, तर पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती दिसेनाशी होते ती खोली भरतीला आणि ओहोटीला, निरनिराळ्या महिन्यांत नोंदवावी. प्रकाशाचे पद त्याच नोंदींवरून बसवता येईल.